ओंडक्यावरची जागा

उलटं चाललं की गुडघे सुधारतात, हे मला फांगदादांनी सांगितलं. आमच्या तैपेईत निवृत्त माणसाला गुडघ्यांवर उपाय सांगणारे इतके भेटतात, की त्यांना चुकवून पळण्यासाठी तरी गुडघे धड हवेत. फांगदादा आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. जन्मभर टॅक्सी चालवल्यामुळे कुणी विचारलं नाही तरी रस्ता सांगायची त्यांना सवय आहे. त्यांच्या सांगण्यावरून मी रोज सकाळी बागेतल्या तळ्याभोवती टाळ्या वाजवत उलटा चालू लागलो, आणि एके दिवशी टाळी वाजवता वाजवताच तळ्यात पडलो.

मी सगळी नोकरी जमीन नोंदणीच्या कचेरीत केली. कुणाची हद्द कुठे संपते हे मी अख्ख्या शहराला सांगत आलो, आणि तळ्याची हद्द कुठे सुरू होते हे मला पाठीला पाणी लागल्यावर कळलं. काठावरची व्यायामाच्या टाळ्या वाजवणारी मंडळी थांबली नाहीत. उलट काहींनी जोर लावला, असा मला आजही संशय आहे.

पाणी कमरेएवढंच होतं. डोकं वर काढलं तर नाकासमोर एक कासव. मातकट कवच, डोळ्यामागून गेलेला पिवळा पट्टा आणि हळद लावल्यासारखा पिवळाधमक गळा. ती माझ्याकडे बघत होती. (ती आहे हे मला नंतर कळलं, पण तिच्या नजरेत जो समंजसपणा होता तो पाहता तेव्हाच कळायला हवं होतं.) निवृत्तीनंतर इतक्या शांतपणे माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोने, म्हणजे सू-छिंगने, मला दवाखान्यात नेलं. डॉक्टर गुडघे सोडून छातीच ऐकत बसले. मग तिला बाहेर नेऊन काहीतरी बोलले आणि मला म्हणाले, मीठ कमी खा. तळ्यात पडण्याचा मिठाशी काय संबंध, हे मी विचारणार होतो. पण माझं लक्ष त्या पिवळ्या गळ्याकडे लागलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी सरळ तोंड करून तळ्याकाठी बसू लागलो. तळ्यात ऊन पडेल असा एकच ओंडका आहे. पिवळीला (मी तिला हेच नाव दिलं) त्यावर चढायचं असे. नखं रुतवत, घसरत, पुन्हा चढत ती कशीबशी वर यायची, मान बाहेर काढायची, आणि तेवढ्यात कानाशी लाल पट्टा असलेलं एखादं धटिंगण कासव मागून येऊन तिला खाली लोटायचं. ही लाल कानवाली आमच्याकडची नव्हेत. लोक ती इवलीशी असताना हौसेने घरी आणतात, ताटाएवढी झाली की अंधार बघून तळ्यात सोडतात. ओंडक्यावर त्यांचीच एकावर एक चळत. पिवळी पाण्यात पडायची, श्वास घ्यायची आणि पुन्हा चढायला लागायची. चिडणं नाही, तक्रार नाही. मला कचेरीत बढती नाकारली तेव्हा मी तीन महिने साहेबांशी बोललो नव्हतो. या बाईसाहेबांपुढे मला स्वतःची लाज वाटली.

जनावरांच्या दवाखान्यातल्या वेनबाईंना मी बागेत घेऊन आलो. त्यांनी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं.

"यानसाहेब, ही आपल्या मातीतली. कायद्याने जपलेली जात आहे. या तळ्यात आम्हाला वाटलं होतं एकही उरली नाही."

"मग ही उरली की."

"उरली, पण कवचाला बुरशी धरायला लागलीय. कासवाला ऊन लागतंच. या उन्हाळ्यात तिला ओंडका मिळाला नाही, तर पुढचा उन्हाळा ती बघेल असं वाटत नाही मला."

त्या क्षणी मी ठरवलं, की ओंडका तिला मिळवून द्यायचा. आयुष्यात मी पहिल्यांदाच कुणाच्या ताब्याविषयी नुसती नोंद न करता पक्ष घेतला.

संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, तेव्हा आमची सगळी गल्ली पिशव्या घेऊन कोपऱ्यावर उभी असते. जगातले सगळे निर्णय तिथे होतात. मी विषय काढला.

"लाल कानवाली ना?" फांगदादा म्हणाले. "सूप होतं त्यांचं. आलं जरा सढळ हाताने घालायचं."

"सू-छिंग घरात एक मुंगी मारू देत नाही, दादा."

"मग बाहेर शिजव."

ल्याव लीचांग, म्हणजे आमच्या वस्तीचे निवडून आलेले कारभारी, हातातली कचऱ्याची पिशवीसुद्धा भाषणाचा माइक धरावा तशी धरतात. ते म्हणाले, "यानभाऊ, तळं भरलेलं, कासवं भरपूर, पोरंटोरं खूश. त्यात तुम्ही आपली आणि परकी कुठे निवडत बसता? माझ्या वस्तीत हे असलं चालत नाही."

दोनच दिवसांत गल्लीत माझं नाव कासववाला पडलं. आमच्याकडे पुरुषाला कासव म्हणणं म्हणजे त्याच्या बायकोवर संशय घेणं. म्हणजे लोक 'वाला' अगदी ठासून म्हणतात की गाळतात, याकडे मला कान लावून राहावं लागे. फांगदादा हमखास गाळायचे.

मग कचेऱ्या. पहिल्या खिडकीवर कळलं, की पाण्यातलं कासव पाणीखात्याकडे. पाणीखात्याने विचारलं, "तुमची तक्रार कासव पाण्यात असतानाची आहे की ओंडक्यावर असतानाची?" मी म्हटलं ओंडक्यावर. मग ते बाग खात्याचं. बाग खातं म्हणालं ओंडका आमचा, पण वर बसलेलं जनावर आमचं नाही. ते खाली उतरून गवतावर आलं तर बोला. मी स्वतः अनेक वर्षं लोकांना पलीकडच्या खिडकीवर पाठवलं आहे, पण एकाच जनावराला चार पावलांत तीन खात्यांत फिरवणं मला कधी जमलं नसतं. मानलं बुवा. रागापेक्षा मला कौतुकच जास्त वाटलं, आणि त्यांनाही बहुधा घरचा माणूस ओळखू आला असावा. शेवटी परवानगी मिळाली. परदेशी कासवं स्वतःच्या जबाबदारीवर बाहेर काढावीत. ती कुठल्याही पाण्यात परत सोडू नयेत. मग त्यांचं करायचं काय, यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. प्राण्यांच्या निवाऱ्यात विचारलं, तर तिथल्या पोरीने मला टाक्या दाखवल्या. टाक्यांत कासवं इतकी होती की पाणी दिसत नव्हतं.

मी धुण्याच्या टोपलीला फळी बांधून सापळा केला. कासव फळीवर ऊन खायला चढावं आणि पलीकडे टोपलीत पडावं, अशी रचना. पहिल्या सकाळी टोपलीत बेडूक आणि कुणाचीतरी चप्पल. दुसऱ्या सकाळी मी स्वतः, फळी नीट करायला वाकलो म्हणून. तिसऱ्या दिवसापासून मात्र कासवं पडू लागली आणि मी ती बादलीतून घरी आणू लागलो.

"या घरात एकही मरता कामा नये," सू-छिंग म्हणाली.

"पण ठेवू कुठे?"

"टब आहे की."

"आणि अंघोळ?"

"म्हाताऱ्या, तू सध्या रोज तळ्यात पडतोयस. वेगळी अंघोळ कशाला?"

टब भरला. मग गच्चीवरचं पिंप, मग भाज्या धुण्याचं घमेलं. सकाळी चपलेत पाय घालायच्या आधी चप्पल आपटून बघायची आम्हाला सवय लागली. एक कासव गॅलरीच्या गजांतून खाली फांगदादांच्या वाळत घातलेल्या मोहरीच्या पाल्यात पडलं आणि त्याने निम्मा पाला खाल्ला. दादा ते हातात धरून वर आले. "तुझ्या पाहुण्याचं जेवण झालंय," म्हणाले. "आता माझं सूप तुझ्याकडे बाकी राहिलं." सू-छिंग सगळ्यांना पालेभाजी चिरून घालायची. जे हावरट होते त्यांना दोनदा मिळू नये, म्हणून तिने आपला गुलाबी नखरंग काढून त्यांच्या कवचावर ठिपके दिले. माझं जेवण त्यानंतर, आणि बिनमिठाचं.

एवढं करूनही तळ्यातली कासवं कमी होईनात. मी रोज काढतोय आणि ओंडका रोज भरलेलाच. मला वाटलं ती माझ्या द्वेषाने अंडी घालतायत. मग एका सकाळी ओंडक्याच्या टोकावर, पिवळीला नुकतंच लोटून देऊन एक कासव आरामात मान ताणून बसलं होतं. त्याच्या पाठीवर गुलाबी ठिपका होता.

आमच्या चौथ्या मजल्यावरून कासव बागेत आलं कसं? फांगदादांच्या मते लिफ्टने. माझा स्वतःवरचाच विश्वास उडाला. त्या संध्याकाळी मी कचरा टाकायला गेलो आणि दुसरी पिशवी विसरली म्हणून लगेच परत फिरलो, तर स्वयंपाकघराच्या मागच्या दारात सू-छिंग एक झाकलेली बादली च्यूमावशींच्या हातात देत होती.

च्यूमावशींचं बाजारात टोफूचं दुकान आहे, आणि त्या देवळातल्या जीवमुक्ती मंडळाच्या प्रमुख. पकडलेले जीव सोडवायचे, प्रार्थना म्हणायची, आणि त्याचं पुण्य कुणाच्यातरी नावे लावायचं, हे त्यांचं जन्माचं व्रत. लीचांगसुद्धा त्यांच्यासमोर हळू बोलतात.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"कासवं," मावशी म्हणाल्या. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नाही.

"ती तुम्ही सोडता?"

"फुलं वाहून, प्रार्थना म्हणून सोडते."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तळ्यात. कासव काय मी झाडावर सोडू?"

मी पुढच्या दाराने कासवं आणत होतो आणि माझी बायको मागच्या दाराने त्यांना मोक्ष देत होती. मी आवाज चढवला. माझे गुडघे, माझी टोपली, कचेऱ्यांतल्या खिडक्या, सगळं सांगितलं.

"ओरडू नकोस," सू-छिंग म्हणाली. "छातीला बरं नाही ते."

"माझ्या छातीला काय झालंय?"

तिने बादलीचं झाकण उगाच नीट केलं. मग मावशीच म्हणाल्या, "एकेका कासवाचं पुण्य तुमच्याच नावे लावलंय, यानभाऊ. तुम्हाला आयुष्य मिळावं म्हणून. त्या दिवशी दवाखान्यातून ही थेट माझ्याकडे आली. रडून डोळे सुजले होते हिचे. तुम्हाला सांगू नका म्हणाली."

माझा सगळा आवेश तिथेच ओसरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि ही बाई एकीकडे माझ्या कासवांना भाजी चिरून घालत होती आणि दुसरीकडे त्यांच्याच पाठीवर माझं आयुष्य बांधून तळ्यात सोडत होती. मला एकदम तिचा हात धरावासा वाटला. पण हातात कचऱ्याची पिशवी होती आणि मावशी बघत होत्या.

जरा वेळाने मी मावशींना पिवळीची हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, पण पटली नाही.

"जीव तो जीव. क्वानयिन देवी काय त्याचे कान बघून दया करते? पुढच्या आठवड्यात देवीचा उत्सव आहे. मोठी मुक्ती ठेवलीय. टेम्पो भरून कासवं सांगितलीयत मी."

टेम्पो भरून. पिवळीचा उन्हाळा तिथेच संपला, हे मला स्पष्ट दिसलं. मी हात जोडले. "मावशी, एकच करा. एकदा सकाळी ओंडक्यासमोर येऊन बसा."

"आणि दुकान कोण बघणार?" एवढं बोलून त्या बादली घेऊन गेल्या.

पण दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या आल्या. रुंद टोपी, हातात जपमाळ, बसायला दुकानातलं प्लास्टिकचं स्टूल. त्यांनी स्टूल ओंडक्यासमोर मांडलं. पिवळी चढली. लोटली गेली. पुन्हा चढली. मावशींची माळ चालू होती. तिसऱ्या की चौथ्या खेपेला पिवळी वर आली, पाय ताणणार एवढ्यात गुलाबी ठिपकेवाल्याने तिच्या पाठीवर चढून तिला पाण्यात ढकललं. माळ थांबली.

"त्याला मी सोडलं होतं," मावशी म्हणाल्या. "तुमच्या छातीसाठी."

ऊन डोक्यावर येईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. दुकान त्या दिवशी उघडलंच नाही. बाजारात लोकांना वाटलं मावशी आजारी आहेत. उठताना त्यांनी एवढंच विचारलं, "मग हिला कुणी सोडवायचं?" आणि स्टूल उचलून निघून गेल्या. मला वाटलं, रागावल्या.

उत्सवाच्या दिवशी तळ्याकाठी ही गर्दी. टेम्पो कुठेच दिसेना. मावशींनी लीचांगांचा भोंगा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि उंचवट्यावर चढल्या.

"टेम्पोवाल्याला मी परत पाठवलं. तो जीव धरतो कारण आपण सोडतो. इतकी वर्षं मी तुम्हाला सोडायला शिकवलं. सोडायला एक सकाळ लागते. या तळ्यात आपणच सोडलेले जीव एका बिचारीला उन्हात बसू देत नाहीत. आज ते आपण परत घ्यायचे. एका घराने एक. मरेपर्यंत सांभाळायचं. रोज खायला घालायचं, रोज पाणी बदलायचं, म्हणजे रोजचं पुण्य. ज्याला एवढं पुण्य झेपत नाही, त्याने आताच घरी जावं."

कुणी हललं नाही. हलणार कसं? सगळी गल्ली बघत होती. त्या बाईने आपल्या जन्माचं व्रत चारचौघांत फिरवलं, आणि आवाज जरासुद्धा हलला नाही. मी अनेक साहेब पाहिले. चुकीची नोंद दुरुस्त करताना ते दार लावून घ्यायचे. मावशींनी भोंगा घेतला. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण गुडघे.

मग पँटी गुडघ्यावर, बादल्या हातात, तोंडाने प्रार्थना, असा सगळा समाज तळ्यात उतरला. लीचांग फोटोसाठी सगळ्यांत पुढे उभे राहिले आणि सगळ्यांत आधी पडले. त्यांच्या मांडीवर चढलेलं कासव त्यांच्याच वाट्याला आलं. फांगदादांनी एक मोठं थोरलं पकडलं आणि त्याचं नाव तिथल्या तिथे सूप ठेवलं. चिखलाने माझा चष्मा इतका माखला होता की मी हाताला लागेल ते टोपलीत टाकत होतो. दुपारपर्यंत ओंडका मोकळा झाला.

मोकळा झाला आणि मोकळाच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यावर ऊन पडलं, वर कुणी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वेनबाई येऊन दुर्बीण लावून गेल्या आणि जाताना माझ्याकडे बघायचं टाळलं. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तीच आमच्या पायांखाली तर सापडली नाही ना? की कुणी लाल कानवाली समजून बादलीतून घरी नेली?

मावशींनी फर्मान काढलं. त्या संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीला सगळी गल्ली एका हातात पिशवी आणि एका हातात बादली घेऊन आली. गाडीवाल्याने गाणं बंद केलं आणि तोही उतरून बघायला आला. मी बादलीमागून बादली तपासत होतो, आणि प्रत्येकाला चार गोष्टी सुनावत होतो.

"गळा बघायचा असतो हो, गळा! इतकं सोपं आहे. डोळे उघडे ठेवून उचललं असतं तर ही वेळ आली नसती."

"सूपचे कान लाल आहेत," फांगदादा घाईने म्हणाले आणि बादली छातीशी धरली. "त्याला उगाच हात लावू नकोस. घाबरतो तो."

सगळे कान लालच निघाले. लोक माना खाली घालून उभे होते. तेवढ्यात सू-छिंग घमेलं घेऊन आली.

"म्हाताऱ्या, हिला जरा बघ. आपल्या टबात तळाशी होती. बाकीचे भाजीवर तुटून पडतात, ही पुढेच येत नाही. तीन दिवस मी हिला हाताने भरवतेय."

घमेल्यात पिवळी होती. तिने मान वर काढून माझ्याकडे पाहिलं, त्याच पहिल्या दिवसाच्या शांतपणाने.

"हिला टबात कुणी आणलं?" मावशींनी विचारलं.

"यांनीच," सू-छिंग म्हणाली.

खाली घातलेल्या सगळ्या माना वर झाल्या. मग फांगदादा म्हणाले, "कासव," आणि पुढचा 'वाला' गाळला. मावशी हसायला लागल्या, त्यांच्यामागे गाडीवाला, मग सगळेच. मीही हसलो. पिवळी जिवंत होती. मला त्या दिवशी कुणी काहीही म्हटलेलं चाललं असतं.

वेनबाईंनी तिच्या कवचाला औषध लावलं, परवानगी काढली, आणि एका सकाळी आम्ही तिला तळ्यावर नेलं. टाळ्या वाजवणारे थांबले. मावशींनी प्रार्थना म्हटली, मग मला विचारलं, "पुण्य कुणाच्या नावे लावू?"

"हिच्याच," मी पिवळीकडे बोट दाखवून म्हटलं.

पिवळी पाण्यात गेली आणि दिसेनाशी झाली. आम्ही उभे राहिलो. कुणी घड्याळ पाहिलं नाही. मग ओंडक्याच्या टोकाशी पिवळा गळा वर आला. नखं रुतवत, घसरत, पुन्हा चढत ती वर आली, आणि मध्येच थांबून तिने मागे वळून पाहिलं. सवयच ती. मागे कुणी नव्हतं. मग तिने चारी पाय ताणले, मान लांब केली, आमच्याकडे पाठ केली आणि उन्हात डोळे मिटले. मावशींनी पदर नाही म्हणून टोपीनेच डोळे पुसले.

परत येताना मी वेनबाईंना विचारलं, घरी जी लाल कानवाली आहेत ती साधारण किती जगतात.

"नीट ठेवली तर तीसेक वर्षं आरामात."

सू-छिंग रस्त्यातच थांबली. तिने मनाशी हिशेब केला आणि माझ्याकडे बघितलं.

"ऐकलंस ना? तेवढं तुला जगावं लागेल. मी एकटी टब घासणार नाही."

मी म्हटलं, बरं. आणि त्या दुपारी बिनमिठाचं सूप मुकाट्याने प्यायलो.